वाट बंद झाल्यावरचे दुखणे

पोटावर शौचाची नवी वाट काढून दिलेल्या रुग्णाच्या मनात एक प्रश्न असतो. तो विचारण्यासाठी परिचारिका खोलीबाहेर जाण्याची तो वाट पाहतो, आणि पुष्कळदा न विचारताच घरी परततो. प्रश्न साधा आहे: खालची वाट बंद झाली, मळ आता पोटावरच्या पिशवीत येतो, मग खाली दुखते कशाने? बसल्या जागी कळ येते. शौचाला लागल्याचा भास होतो. जोर करावासा वाटतो आणि कधी शेंबडासारखे काही पडतेही. घरातील वडीलधारी माणसे त्याला आव म्हणतात. औषधाच्या दुकानातून आवेच्या गोळ्या येतात. त्यांनी गुण आला नाही की मूळव्याध-भगंदराची पाटी लावलेल्या वैदूकडे फेरी होते. अशी पाटी मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकापासून फार लांब नसते. ज्याच्या गुदाशयावर अथवा आतड्यावर नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्याने अशा माणसाच्या हाती क्षार अथवा सुई द्यावी, याहून धोक्याची गोष्ट क्वचितच असेल.

हा विषय पक्षाच्या साप्ताहिकात कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. शस्त्रक्रिया सरकारने करून दिली आणि दुखणे घरी न्यायला सांगितले, ही सार्वजनिक हिशेबाची बाब आहे. म्हणून तो येथे.

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा अगदी कडेचा तालुका. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, पूर्वेला आदिलाबाद, मध्ये रान. गोंड, कोलाम, प्रधान, आंध यांच्या वस्त्या आणि बंजाऱ्यांचे तांडे. तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण आतड्याची मोठी शस्त्रक्रिया म्हटली की सव्वाशेहून अधिक किलोमीटरवरचे नांदेड गाठायचे, किंवा राज्याची हद्द ओलांडून आदिलाबाद. हद्द ओलांडली की महाराष्ट्राच्या योजनेचा हिशेब संपतो आणि तेलंगणाच्या आरोग्यश्रीचा लागू होत नाही. रोगाला मात्र ही हद्द ठाऊक नसते.

शहरातील रुग्णालयांच्या पुस्तिका वाचल्या तर पोटावर अशी वाट काढण्याचे मुख्य कारण गुदाशयाचा कर्करोग, असे वाटते. ते कारण आहेच. पण ग्रामीण भारतात त्याच्या बरोबरीने दुसरी कारणे उभी असतात: विषमज्वराने आतड्याला पडलेले भोक, आतड्याचा क्षय, आतड्याला बसलेला पीळ, रस्त्यावरचा अपघात, बैलाने खुपसलेले शिंग. विषमज्वराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या अखेरच्या भागाला भोक पडते, मळ पोटात पसरतो, आणि जीव वाचवायचा तर शल्यचिकित्सक पुष्कळदा आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीवर आणून ठेवतो. याला इलिओस्टॉमी म्हणतात. मोठ्या आतड्याची केली तर कोलोस्टॉमी. विषमज्वर हा घाणेरड्या पाण्याचा रोग आहे. नळयोजनेवर वाचवलेला पैसा शस्त्रक्रियागृहात खर्ची पडतो, आणि जमाखर्च दोन वेगळ्या खात्यांच्या वह्यांत असल्यामुळे तो कोणाला दिसत नाही.

या कारणभेदाचा दुखण्याशी थेट संबंध आहे. १९०८ साली इंग्लंडमधील अर्नेस्ट माइल्स यांनी मांडलेल्या शस्त्रक्रियेत कर्करोगाने ग्रासलेला गुदाशय गुदद्वारासह काढून टाकतात आणि खालची जागा शिवून घेतात. येथे वाट कायमची जाते. फ्रान्समधील आंरी हार्टमन यांनी १९२१ साली दुसरी रीत सांगितली. तीत रोगट भाग काढतात, वरचे टोक पोटावर आणतात, आणि खालचा गुदाशय तोंड शिवून आत तसाच ठेवतात. विषमज्वर किंवा अपघातानंतर जी तात्पुरती वाट काढतात, तीतही खालचे सारे आतडे जागच्या जागी असते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. दोघांच्याही पोटावर पिशवी. खालचे दुखणे मात्र अगदी निराळे.

ज्याचा गुदाशय काढला, त्याला गुदाशय असल्याचा भास होतो. तोडलेल्या पायाचा अंगठा खाजतो, त्यातलाच हा प्रकार. मज्जातंतूंची वरची टोके शिल्लक असतात आणि मेंदू जुन्या सवयीने त्यांचे निरोप वाचत राहतो. शौचाला लागल्यासारखे वाटणे, कळ, जळजळ यांत वेडेपणा नाही आणि लाजण्यासारखेही काही नाही. काहींना पूर्वीसारखे शौचकूपावर बसून राहिल्याने बरे वाटते. पुष्कळांचे हे भास काळाने विरळ होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांच्यासाठी मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधे आहेत, साध्या वेदनाशामक गोळ्यांनी भागत नाही. शिवलेली जागा भरून यायला महिने लागतात. परदेशी पुस्तिका मऊ खुर्चीत बसा म्हणून सांगतात. किनवटच्या बाईचे सारे काम उकिडवे बसून चालते. निंदणी, खुरपणी, भांडी, चूल. तिला खुर्चीचा सल्ला काय कामाचा? जाड घडी केलेली वाकळ अंगाखाली घ्यावी, एका जागी फार वेळ बसू नये, मध्ये भोक असलेली रबरी चकती वापरू नये कारण तिने शिवण ताणली जाते, आणि भरेपर्यंत उकिडव्या कामातून सुटी घ्यावी, हा तिच्या कामाचा सल्ला. त्यातील शेवटची गोष्ट वैद्यकाच्या हातची नाही.

ज्याचा गुदाशय आत आहे, त्याची गोष्ट वेगळी. आतड्याचे अस्तर श्लेष्मा तयार करीत राहते, वरून मळ येवो अथवा न येवो. तो साचतो, दाटतो, कधी सुकून त्याचा गोळा होतो आणि कळ येते. लोक ज्याला आव म्हणून गोळ्या घेतात ती बहुधा हीच. दिवसातून एकदा शौचकूपावर स्वस्थ बसून हलकासा जोर करावा. न पडल्यास डॉक्टरांना विचारून ग्लिसरिनची सपॉझिटरी, म्हणजे गुदद्वारात सरकवायची वातीसारखी वडी, वापरावी. उपाय इतका किरकोळ आहे. पण यापुढे आणखी एक पायरी असते. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण बऱ्याच अंशी आतून, मळातील जंतू जी आम्ले तयार करतात त्यांवर होते. मळच येईनासा झाला की अस्तर उपाशी पडते, सुजते, कधी रक्त झिरपते. १९८१ साली ग्लॉट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दाहाचे रीतसर वर्णन केले. त्यावर एनिमाचे उपचार आहेत; परंतु खरा उपाय एकच, आतडे पुन्हा जोडून देणे. जोडले की हा दाह बहुधा आपोआप ओसरतो.

तात्पुरती वाट साधारणपणे दोन-तीन महिन्यांनी, प्रकृती सुधारली की, बंद करता येते. काहींच्या बाबतीत वैद्यकीय कारणाने ती बंद करणे योग्य नसते. हार्टमन पद्धतीच्या शस्त्रक्रियेनंतर तर जगभर पुष्कळ रुग्णांचे आतडे कधीच जोडले जात नाही. तेव्हा प्रत्येक न झालेल्या जोडणीमागे सरकारी हलगर्जी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण किनवटच्या रानातील मजुराच्या बाबतीत आणखी काही कारणे असतात, आणि ती शल्यचिकित्सेच्या पुस्तकात नाहीत. पहिल्या खेपेला त्याला मरणाच्या दारातून आणले. नातेवाइकांनी जनावर विकून सोबत केली. दुसरी खेप जीव वाचवण्याची नाही, म्हणून ती कोणालाच तातडीची वाटत नाही. सोबतीला जाणाऱ्याची मजुरी बुडते. तारीख मिळते ती दिवाळीनंतरची, आणि दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला गेलेला असतो. तारखा पुढे जातात, आतले अस्तर सुजत राहते, आणि तात्पुरते म्हणून दिलेले अपंगत्व कायमचे होते.

नांदेडला या बाबतीत एक इतिहास आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढे २०१३ साली ती सर्व राज्यात गेली, २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव तिला मिळाले, आणि कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख रुपयांची मर्यादा अलीकडे ५ लाखांवर नेण्यात आली. या योजनेने माणसे वाचवली आहेत आणि तिची टिंगल करणे सोपे असले तरी योग्य नाही. पण तिची घडण पाहा. ती मोजते भरती, शस्त्रक्रिया आणि पॅकेज. माणूस घरी गेला की थोड्याच दिवसांत तो तिच्या हिशेबाबाहेर पडतो. ज्यांना तात्पुरती वाट काढून दिली त्यांपैकी किती जणांची ती सहा महिन्यांत, वर्षात बंद झाली, हा आकडा जिल्ह्याने काढून जाहीर करावा, एवढी एकच मागणी घेऊन कार्यकर्ते नांदेडला गेले तरी पुष्कळ होईल. पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद पैसे देण्यासाठी सरकारपाशी आहेच. दुसरी झाली की नाही, हे पाहायला नवी यंत्रणा लागत नाही.

दुखण्याइतकीच भीती आतड्याच्या इतर उपद्रवांची. इलिओस्टॉमी झालेल्याचे पाणी व मीठ सतत बाहेर जाते, कारण पाणी शोषणारे मोठे आतडे वाटेत उरलेले नसते. एप्रिल-मे महिन्यांत किनवटचे ऊन, त्यात रोजंदारीचे काम. तहान लागली म्हणून माणूस तांब्यामागून तांब्या साधे पाणी पितो आणि पिशवी आणखी वेगाने भरते. मीठ-साखरेवाचून ते पाणी अंगी लागत नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. तीच पुडी आज प्रत्येक आशा कार्यकर्तीच्या पिशवीत असते. तिला ती लहान मुलांच्या जुलाबासाठी म्हणून शिकवलेली आहे; तिच्याच गल्लीतील पोटावर वाट असलेल्या माणसाला ती रोज लागते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

उलट प्रकार अडथळ्याचा. पिशवीत काही तास काहीच येत नाही, पोट फुगते, मुरडा येतो, उलटी होते. घरातील पहिला उपाय एरंडेल. तो जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी जुलाब न देता रुग्णालय गाठायचे असते. कच्चे खोबरे, मक्याचे दाणे, उसाचा चोथा असे तंतुमय पदार्थ सुरुवातीचे महिने टाळावेत किंवा फार चावून खावेत, हे घरी सोडताना कोणीतरी रुग्णाच्या भाषेत, म्हणजे गोंडीत अथवा बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, सांगायला हवे. खालून रक्त वा पू पडणे, ताप, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी नव्याने सुरू होऊन वाढत जाणारी वेदना, ही लक्षणे अंगावर काढण्याची नव्हेत, हेही त्याच वेळी.

मग हर्निया. पोटाच्या भिंतीला मुद्दाम पाडलेल्या भोकाभोवती भिंत कमकुवत असते. जड उचलले की शेजारून आतडे बाहेर डोकावते. येथे वैद्यक संपून अर्थशास्त्र सुरू होते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादमाची उचल दोघांच्या नावावर असते. बायको मोळी बांधणार, नवरा ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणार. त्याला डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून सांगितले, म्हणजे एका माणसाचे नव्हे तर दोघांचे काम गेले, आणि उचल मात्र अंगावर राहिली. मग तो पोटाला धोतराचा पट्टा आवळून बांधतो आणि मोळी उचलतो. त्याला वैद्यकीय सल्ला कळला नाही, असे म्हणणारा डॉक्टर त्याचा हिशेब ओळखत नाही.

पिशवीचाही हिशेब मांडून पाहावा. एका पिशवीला २०० रुपये धरले, आठवड्याला दोन लागतात असे धरले, तर महिन्याचे सतराशेच्या वर होतात. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ साली वाढून १,५०० झाले. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२४-२५ साली २९७ रुपये होता. म्हणजे महिन्यातले सहा दिवस केवळ पिशवीसाठी राबायचे, तेही ज्याला जड काम वर्ज्य आहे त्याने. म्हणून मग दुधाची पिशवी, फडके, दोरा. त्यातून मळ गळतो, कातडी सोलवटते, वास येतो, माणूस लग्नाकार्याला जाणे सोडतो. १८ जुलै २०२२ पासून या साहित्यावरील जी. एस. टी. १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही गोष्ट चांगली झाली. पण ज्याला वस्तूच घेता येत नाही, त्याला करातील सात टक्क्यांची सूट म्हणजे उपाशी माणसाला हॉटेलच्या बिलात दिलेली सवलत. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. त्यांत याचे नाव नाही.

या पिशवीच्या मागे एक गोष्ट आहे, आणि ती किनवटच्या माणसांना कोणी सांगत नाही. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेनसेन या परिचारिकेने आपल्या बहिणीची अवस्था पाहून चिकटणाऱ्या, एकदा वापरून टाकायच्या पिशवीची कल्पना काढली. पुढे त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी पोटावरच्या वाटेभोवतीची कातडी राखण्यासाठी कराया डिंकाचा उपयोग सुरू केला आणि पुढे कितीतरी वर्षे या डिंकाच्या चकत्या जगभर वापरात होत्या. हा डिंक कांडोळाच्या झाडाचा. कांडोळ मध्य भारत आणि तेलंगणाच्या कोरड्या पानझडी रानांत वाढतो, आणि किनवटभोवतीचे रान त्याच पट्ट्यातले. अशा रानांतील आदिवासींनी खाचा पाडून गोळा केलेला डिंक जहाजाने परदेशी जाई, तेथे त्याची चकती होई, आणि ती भारतात परत येई तेव्हा तो गोळा करणाऱ्याला ती परवडत नसे. आता चकत्या बहुतांशी दुसऱ्या द्रव्यांच्या असतात, पण व्यवहार तोच राहिला आहे. दादाभाईंना हे उदाहरण आवडले असते.

टर्नबुल यांनी १९५८ साली आणखी एक गोष्ट केली. नॉर्मा गिल ही स्वतः इलिओस्टॉमी झालेली बाई त्यांनी इतर रुग्णांना शिकवण्यासाठी नेमली. स्टोमा-परिचारिका हा पेशा तेथून सुरू झाला. भारतात मुंबईत १९७५ साली ऑस्टोमी असोसिएशन स्थापन झाली आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या आधाराने या रुग्णांच्या शुश्रूषेची परंपरा उभी राहिली. पण किनवटहून परळ म्हणजे नंदीग्राम एक्स्प्रेसचा रात्रभराहून मोठा प्रवास. ब्रिटनमध्ये १९६८ साली औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क पुन्हा बसवले, तेव्हा कायमची अशी वाट असणाऱ्यांना त्यातून वगळले. तो देश श्रीमंत आहे हे खरे. पण वगळण्याचा निर्णय श्रीमंतीतून आला नव्हता, वीस वर्षे आधी उभारलेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या तत्त्वातून आला होता.

एक आक्षेप नेहमी येतो: कुपोषण आहे, सर्पदंश आहे, बाळंतपणात बायका मरतात; या मूठभर रुग्णांचे काय घेऊन बसलात? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचे गणित उलटे आहे. रुग्ण मूठभर आहेत म्हणूनच खर्च मूठभर आहे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षित स्टोमा-परिचारिका, उपजिल्हा रुग्णालयातून दरमहा मोफत पिशव्या, आशांच्या प्रशिक्षणात अर्ध्या दिवसाचा पाठ, आणि राहिलेल्या जोडण्यांची यादी. जिल्ह्याच्या आरोग्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला चष्मा लागेल.

खरी अडचण पैशाची नाही, संकोचाची आहे. सभेत कोणी उठून या दुखण्याबद्दल बोलत नाही, आणि जे बोलले जात नाही ते अंदाजपत्रकात येत नाही. समाजवादी चळवळीला तरी मैल्याच्या विषयाचा संकोच नसावा. लोहियांनी स्त्रियांच्या शौचालयांचा आणि चुलीच्या धुराचा प्रश्न राजकारणाचा प्रश्न म्हणून मांडला, तेव्हा त्यांना हसणारे होतेच. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेतले आणि त्यासाठी उपास केला. अलीकडे, २०१९ साली, बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. त्या बायकांना आधी कोणीतरी घरी जाऊन, दार लावून, विचारले होते.

किनवट तालुक्यात उन्हाळ्यात ऊसतोडीचे तांडे परत येतात. मे महिन्याचे ते चार आठवडे माणसे गावी असतात. त्या काळात प्रत्येक तांड्यावर आणि कोलामांच्या पोडावर आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन जावे. पोटावर पिशवी असलेला माणूस कोण आहे, शस्त्रक्रियेचा कागद शिल्लक आहे काय, वाट कायमची की तात्पुरती, पुढची तारीख कोणती दिली होती, आणि खाली दुखते काय, एवढे पाच प्रश्न विचारावेत. पुरुषांना पुरुषाने, बायकांना बाईने. कागद पावसाळ्यापूर्वी नांदेडला पोचले तर दिवाळीच्या आत तारखा मागता येतील.